संसदेतला एक साधा दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन सुरू झाले की बातम्यांत घोषणाबाजी, सभात्याग आणि तहकुबी दिसते. पण ज्या दिवशी यातले काहीच होत नाही, त्या दिवशी संसदेत काय चालते? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कायदा कसा होतो हे सांगितलेले असते, दिवस कसा जातो हे नसते. त्याबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः लोकसभेची आहेत. राज्यसभेत वेगळी पद्धत असेल तिथे तसे लिहिले आहे.

दिवसभरात काय होणार हे आधी ठरलेले असते का?

हो, आणि ते छापील असते. प्रत्येक बैठकीची कार्यसूची आधीच तयार होऊन सदस्यांना मिळते, संसदेच्या संकेतस्थळावरही येते. कोणता मंत्री कोणते कागद ठेवणार, कोणत्या समितीचा अहवाल येणार, कोणते विधेयक चर्चेला येणार, सगळे क्रमाने. कार्यसूचीत नसलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

कोणत्या विषयाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. लोकसभेत या समितीत अध्यक्षांसह पंधरा सदस्य असतात. एखाद्या विधेयकाला चार तास ठरले, की ते चार तास पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. त्यामुळे मोठ्या पक्षाचा पहिला वक्ता निवांत बोलतो आणि एक-दोन खासदारांच्या पक्षाला तीन-चार मिनिटांत मुद्दा उरकावा लागतो. छोट्या पक्षाचा माणूस घाईघाईने का बोलतो, याचे उत्तर या वाटपात आहे.

कामकाज किती वाजता सुरू होते?

सकाळी ११ वाजता. १ ते २ जेवणाची सुटी, मग संध्याकाळी ६ पर्यंत. काम उरले असेल तर सभागृहाची संमती घेऊन वेळ वाढवतात. एखाद्या माजी सदस्याचे निधन झाले असेल तर सुरुवातीला अध्यक्ष शोकप्रस्ताव वाचतात आणि सगळे उभे राहून मौन पाळतात. त्यानंतर लगेच प्रश्नोत्तराचा तास.

राज्यसभेत क्रम उलटा आहे. तिथे आधी कागदपत्रे आणि शून्य प्रहर (सदस्यांनी तातडीचे विषय मांडण्याची वेळ), आणि प्रश्नोत्तराचा तास १२ वाजता. ही पद्धत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून आहे.

तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत फरक काय?

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, त्यावर पुरवणी प्रश्न नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. प्रश्नाची नोटीस किमान पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. नोटिसा जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून क्रम सोडतीने लागतो. लोकसभेत एका खासदाराचे एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त पाच प्रश्न लागू शकतात आणि त्यातला एकच तारांकित. मंत्रालयांचे पाच गट पाडून त्यांना आठवड्याचे वार नेमून दिलेले असतात, त्यामुळे कोणाचा वार कोणता हे सगळ्यांना ठाऊक असते.

तासाभरात वीस तोंडी प्रश्न होत नाहीत. बऱ्याचदा निम्म्यापर्यंतही गाडी पोहोचत नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत वीसही प्रश्न घेतले गेले, तेव्हा त्याची स्वतंत्र बातमी झाली होती. पण तोंडी घ्यायचे राहून गेलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही लेखी स्वरूपात सभापटलावर, म्हणजे सभागृहात अधिकृत कागद ठेवतात त्या टेबलावर, येतात. गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास वाया गेला तरी त्या दिवसाची सगळी लेखी उत्तरे नोंदीत जातात. नुसती बातमी पाहणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही.

मंत्री उभे राहून "निवेदन सभापटलावर ठेवले आहे" एवढेच म्हणून का बसतात?

कारण मूळ उत्तर आधीच छापून सदस्यांच्या हाती असते. ते वाचून दाखवण्यात वेळ घालवायचा नाही, असा संकेत आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते. ज्याचा प्रश्न आहे त्या सदस्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात.

हे दोन पुरवणी प्रश्न म्हणजे खासदाराची खरी परीक्षा असते, असे मला वाटते. काही सदस्य संधी मिळताच दोन मिनिटे भाषण करतात आणि शेवटी "मंत्रीमहोदय यावर काय करणार?" असे विचारतात. मंत्र्यांना ते सोयीचेच पडते, तेही मोघम उत्तर देऊन बसतात. तयारीने आलेला सदस्य छापील उत्तरातल्याच एका आकड्यावर बोट ठेवतो : तुमच्या निवेदनातल्या तक्त्यात अमुक वर्षी मंजूर निधी इतका आहे आणि खर्च त्याच्या निम्माही नाही, उरलेला कुठे आहे? असा प्रश्न अर्ध्या मिनिटात विचारून होतो. मंत्र्यांच्या मागे अधिकारी दीर्घेत (गॅलरीत) बसलेले असतात. तिथून चिठ्ठ्यांची लगबग सुरू झाली, की समजावे प्रश्न नेमका लागला आहे.

प्रश्न विचारून कधी काही झाले आहे का?

झाले आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांबद्दल लोकसभेत प्रश्न आले. सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार असलेल्या फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपवली गेली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

या अधिकाराचा बाजार मांडलेलाही देशाने पाहिला आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. आणि २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. लेखी उत्तरे तेवढी सुरू राहिली. महामारीच्या काळात सरकारला विचारण्यासारखे सर्वांत जास्त होते, तेव्हाच तोंडी प्रश्न बंद राहावेत हे मला पटलेले नाही.

"माहिती गोळा केली जात आहे" असे उत्तर आले तर विषय संपला का?

नाही. मला विचाराल तर संसदेच्या कामाचा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

"माहिती गोळा करून सभापटलावर ठेवली जाईल", "विषय विचाराधीन आहे", "मी यात लक्ष घालीन" अशी वाक्ये मंत्र्याने सभागृहात उच्चारली, की ती आश्वासने म्हणून नोंदली जातात. कोणते शब्दप्रयोग आश्वासन धरायचे याची यादीच ठरलेली आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचे असते. ते झाले की नाही हे पाहायला सरकारी आश्वासनांविषयीची समिती आहे. लोकसभेत ती डिसेंबर १९५३ मध्ये, पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळात नेमली गेली. मुदतवाढ हवी असेल तर मंत्रालयाला समितीकडे मागावी लागते, उशीर झाला तर कारण द्यावे लागते, आणि समिती सचिवांना बोलावून जाबही विचारते.

अनेक आश्वासने वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे समितीच्याच अहवालांत वाचायला मिळते. पण ती विसरली जात नाहीत. आपल्या भागातल्या रखडलेल्या रेल्वेमार्गाबद्दल किंवा रुग्णालयाबद्दल एखाद्या मंत्र्याने सभागृहात काही कबूल केले असेल, तर ते या यादीत सापडते का ते बघा. पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याला इतका भक्कम कागद दुसरीकडे मिळणार नाही.

सभापटलावर कागद ठेवणे म्हणजे काय? ते कोणी वाचते का?

प्रश्नोत्तरानंतर एकेक मंत्री उठतो आणि "माझ्या नावापुढे दर्शवलेली कागदपत्रे सभापटलावर ठेवतो" म्हणून बसतो. बघायला अगदी रुक्ष. पण त्या गठ्ठ्यात महामंडळांचे आणि केंद्रीय संस्थांचे वार्षिक अहवाल असतात, लेखापरीक्षण अहवाल असतात, कायद्यांखाली केलेल्या नियमांच्या अधिसूचना असतात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे केंद्राविषयीचे अहवाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार याच वाटेने संसदेपुढे येतात. एकदा पटलावर ठेवला, की कागद सार्वजनिक झाला.

एखाद्या संस्थेचा अहवाल उशिरा ठेवला तर त्यासोबत उशिराचे कारण सांगणारे निवेदनही ठेवावे लागते. कार्यसूचीत या निवेदनांच्या ओळी सारख्या दिसतात. कोणत्या संस्था दरवर्षी उशीर करतात हे त्यावरून सहज कळते.

शून्य प्रहर नियमात नाही म्हणतात, मग तो चालतो कसा?

प्रथेने चालतो, साठच्या दशकापासून. सदस्य सकाळी नोटीस देतात, नावे निघतात, आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. माझ्या मतदारसंघात कांद्याला भाव नाही, अमुक गाडीला थांबा द्या, पुरात वाहून गेलेला पूल अजून बांधला नाही. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावे असे बंधन नाही. जुलै २०१९ मध्ये एका दिवशी अध्यक्षांनी शून्य प्रहर लांबवून १६२ सदस्यांना बोलू दिले होते.

काही जण याला वेळकाढूपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. मागच्या बाकावरच्या खासदाराला पक्षाची चौकट सोडून आपल्या तालुक्याबद्दल बोलता येते अशा जागा सभागृहात मोजक्याच आहेत.

दुसरी तशी जागा लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम ३७७ ची. हा विषय लिहून द्यायचा असतो. वेळ नसेल तर तो न वाचता पटलावर ठेवला असे धरले जाते. संबंधित मंत्रालयाने त्यावर लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते. राज्यसभेत याला विशेष उल्लेख म्हणतात.

लक्षवेधी सूचना आणि स्थगन प्रस्ताव रोजच असतात का?

रोज नाही. लक्षवेधीत सदस्य तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधतात आणि मंत्री निवेदन करतात. विधानसभेत लक्षवेधींचा जो सुकाळ आपण पाहतो, तो दिल्लीत नाही. स्थगन प्रस्तावाच्या नोटिसा मात्र अधिवेशनात जवळजवळ रोज येतात आणि बहुतेक रोज फेटाळल्या जातात. तो स्वीकारला गेला आणि पन्नास सदस्य पाठिंब्याला उभे राहिले, तर बाकीचे काम बाजूला ठेवून चर्चा होते. त्यात सरकारवर ठपका असतो आणि सरकार फक्त लोकसभेला जबाबदार असते, म्हणून राज्यसभेत स्थगन प्रस्ताव मांडता येत नाही.

विधेयक मंजूर होताना नेमके काय होते? टीव्हीवर तर एका मिनिटात उरकल्यासारखे वाटते.

तुम्ही बहुधा शेवटचा टप्पा पाहिला असेल. विधेयक आधी मांडले जाते. नंतर ठरलेल्या दिवशी "विधेयक विचारात घ्यावे" असा प्रस्ताव मंत्री ठेवतात, सर्वसाधारण चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, प्रस्ताव मताला जातो. मग कलमवार, म्हणजे खंडाखंडाने, विचार. अध्यक्ष सांगतात : प्रश्न असा आहे की, खंड २ ते १४ विधेयकाचा भाग व्हावेत. अनुकूल असतील त्यांनी 'हो' म्हणावे. प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. 'हो'चे बहुमत दिसते. प्रस्ताव संमत. खंड २ ते १४ विधेयकात जोडले गेले.

मग अनुसूची, आणि सगळ्यात शेवटी खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे असे सांगणारे ठरावीक वाक्य) आणि विधेयकाचे नाव. पहिला खंड शेवटी येतो कारण त्यात कायद्याचे संक्षिप्त नाव आणि अंमलाची तारीख असते, आणि बाकीचा मजकूर ठरल्याशिवाय ते पक्के करता येत नाही. कोणी दुरुस्त्या दिल्या असतील तर त्या त्या खंडाशी थांबून एकेक दुरुस्ती मताला टाकतात. दुरुस्त्या नसतील तर हा भाग खरोखरच मिनिट-दोन मिनिटांत संपतो.

काळजी करायची तर ती या गतीची नाही. विधेयक समितीकडे गेले होते का, हे विचारा. मंत्रालयांशी संलग्न अशा २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. तिथे कॅमेरे नसतात, तज्ज्ञांना आणि लोकांना म्हणणे मांडता येते, आणि वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एका टेबलाभोवती बसून मसुद्यातला शब्दन्‌शब्द तपासतात. समितीत न जाता मंजूर झालेल्या विधेयकाची सभागृहातली चर्चा सहा तास चालली तरी त्या तपासणीची भरपाई होत नाही.

आवाजी मतदानात आवाज मोजतात कसे?

मोजत नाहीत. अध्यक्ष अंदाजाने निर्णय सांगतात. तो मान्य नसेल तर सदस्य मतविभागणी मागतात. मग घंटा वाजतात, इमारतीत इतरत्र असलेले सदस्य धावत येतात, दारे बंद होतात, आणि बाकावरची बटणे दाबून मत नोंदवले जाते. कोणी कसे मत दिले याची नावानिशी नोंद फक्त मतविभागणीतच राहते. आवाजी मतदानात तुमच्या खासदाराने काय म्हटले ते कागदावर कुठेच उरत नाही.

म्हणून मतविभागणीची मागणी हलक्यात घेऊ नये. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, ती झाली नाही, आणि त्यावरून मोठा वाद उसळला. जागेवर बसून मागणी करावी असा नियम आहे, असे त्या वेळी सभागृह चालवणाऱ्या पीठासीन अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. नियमाचा अर्थ काहीही काढा, इतक्या वादग्रस्त कायद्यावर कोणाचे मत काय होते हे नोंदले जायला हवे होते.

बाके इतकी रिकामी का दिसतात?

दुपारी जेवणानंतर हे दृश्य नेहमीचे आहे. काही सदस्य समित्यांच्या बैठकीत असतात, काही मंत्र्यांकडे मतदारसंघाची कामे घेऊन गेलेले असतात, आणि काही नुसतेच आलेले नसतात. हजेरी नोंदवली की दैनिक भत्ता मिळतो. पुढे सभागृहात किती वेळ बसलात याची नोंद नसते.

गणसंख्या, म्हणजे कामकाज चालवायला लागणारी किमान उपस्थिती, एकूण सदस्यांच्या एक दशांश हवी. ५४३ च्या लोकसभेत ती ५५ होते, २४५ च्या राज्यसभेत २५. कमी सदस्य असल्याचे कोणी निदर्शनास आणले की घंटा वाजते आणि प्रतोद धावपळ करून माणसे जमवतात.

शुक्रवारी वेगळे काय असते?

शुक्रवारी शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांचे आणि ठरावांचे. आजवर अशी चौदाच विधेयके कायदा झाली आणि शेवटचे १९७० मध्ये. तरी हा वेळ वाया जातो असे म्हणू नये. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात ठरवल्यानंतर १९६७ मध्ये राजापूरचे खासदार नाथ पै यांनी घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी अशासकीय विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण मूलभूत हक्कांत संसदेला बदल करता यावा का, यावर देशभर चर्चा झाली. राज्यसभेत तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचे विधेयक एप्रिल २०१५ मध्ये मंजूर झाले. त्यानंतर सरकारला या विषयावर स्वतःचा कायदा आणावा लागला.

वाईट एवढेच वाटते की, शुक्रवारी दुपारी बरेच खासदार गावाकडच्या गाडीत बसलेले असतात.

संसदेत मराठीत बोलता येते का?

येते. आधी कळवले की भाषांतराची सोय होते. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात, त्यांनी ही सोय जास्त वापरायला हवी.

"शब्द कामकाजातून काढून टाकले" म्हणजे ते पुसले जातात का?

अधिकृत वृत्तान्तातून जातात, लोकांच्या कानांवरून नाही; थेट प्रक्षेपणात ते ऐकू गेलेलेच असतात. वृत्तान्तात त्या जागी खुणा दिसतात. गोंधळ झाला तिथे कंसात 'व्यवधान' असे लिहिलेले असते. काही दिवसांच्या वृत्तान्तात पानेच्या पाने हा एकच शब्द येत राहतो.

प्रत्यक्ष जाऊन पाहता येते का?

खासदाराच्या शिफारशीवर प्रेक्षक दीर्घेचा पास मिळतो. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोघांनी दीर्घेतून सभागृहात उडी मारल्यानंतर तपासणी कडक झाली आहे. मोबाइल आत नेता येत नाही. घरबसल्या पाहायचे तर संसद टीव्ही आहे.

माझा प्रश्न संसदेत कसा पोहोचेल?

आपल्या खासदाराला लिहा, पण तक्रारीच्या भाषेत लिहू नका. प्रश्न मान्य व्हायचा तर तो दीडशे शब्दांत बसावा लागतो. त्यात युक्तिवाद, आरोप किंवा उपरोध चालत नाही, मंत्र्याचे मत विचारता येत नाही, आणि विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला लागतो. पोलीस ठाण्याबद्दल विचाराल तर 'पोलीस' आणि 'सार्वजनिक व्यवस्था' हे सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे विषय आहेत, असे उत्तर येईल. तो प्रश्न आमदाराकडे न्या.

"आमच्याकडे महामार्गाचे काम रखडले आहे, सरकार झोपले आहे का?" हे बाद होणार. त्याऐवजी असे विचारा : अमुक राष्ट्रीय महामार्गाच्या अमुक टप्प्याचे काम कधी मंजूर झाले, मूळ मुदत कोणती होती, आजवर किती किलोमीटर पूर्ण झाले आणि किती खर्च झाला, उशिराबद्दल कंत्राटदारावर काय कारवाई झाली, नवी मुदत कोणती. पाच उपप्रश्न, एकेकाला आकड्यात किंवा तारखेत उत्तर. खासदाराच्या सहायकाला तो जवळपास तसाच पुढे पाठवता येतो, आणि मंत्रालयाला निसटायला फारशी जागा राहत नाही. नोटिशीची मुदत धरून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पाठवा. अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलेले पत्र बहुधा पुढच्या अधिवेशनापर्यंत पडून राहते. प्रश्न लागला तर त्याच्या ठरलेल्या दिवशी दुपारनंतर उत्तर संकेतस्थळावर येते. खासदाराचे नाव, मंत्रालय किंवा विषय टाकून ते शोधता येते.